पाठीकडून पाहिलेलं गॅदरिंग

मुलांनो, आणि समोर सतरंजीवर, कठड्यावर, मागं मोटारसायकलींवर जागा धरून बसलेल्या आईबापांनो,

मघापासून स्वागतगीत झालं, तीन नाच झाले. खरं सांगतो, मी त्यातलं काही पाहिलेलं नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्यात स्टेजच्या मागच्या कडेला, पडद्याला टेकून. इथून मुलांच्या नुसत्या पाठी दिसतात. कुणाच्या झग्याची चेन बसत नाही म्हणून बाईंनी तीन सेफ्टी पिना मारल्यात, कुठल्या मावळ्याचं धोतर करगोट्याच्या भरवशावर उभं आहे, हे सगळं मला माहीत आहे. आणि त्या पाठींच्या पलीकडे तुमचे चेहरे दिसतात. तेव्हा मुलांनो, तुमचं कौतुक करायला बाकीचे आहेत. मी तुमच्या घरच्यांनी काय केलं ते सांगतो. तुम्हाला ते दिसलं नसणार, डोळ्यांवर हॅलोजन होता.

दुसऱ्या ओळीत हिरव्या साडीतल्या एक वहिनी आहेत. अख्खं गाणं त्यांच्या ओठांवर होतं, आणि ते स्पीकरच्या अर्धा शब्द पुढं. पोरगी गिरकी विसरली तेव्हा वहिनींची मान बसल्या जागी फिरली. तिकडं खांबाजवळ एक दादा उभे आहेत, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. शिरवळची पाळी करून परस्पर आलेले दिसतात. त्यांनी मोबाईल वर धरला, शूटिंग चालू केलं, मुलगी पुढं आली आणि दादांचा हात आपसूक खाली खाली येत गेला. रात्री व्हिडिओ उघडतील तेव्हा त्यात पुढच्याचं टाळकं आणि सतरंजी सापडेल. सापडू द्या. नाच त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

मी इथलाच. सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालं, माझ्या तोंडी अजून वेल्हंच येतं. माझे वडील गावच्या ढोल-लेझीम पथकात ढोल वाजवायचे. जत्रेत मेंगाईच्या पालखीपुढं ते उभे राहिले की मला वाटायचं, तोरण्यालाही ऐकू जात असेल. सहावीत मी गॅदरिंगला लेझमीत होतो, शेवटच्या रांगेत. वडील भाताची झोडणी टाकून आले, मागं चिंचेखाली उभे राहिले. घरी जाताना मैलभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार आवाजाला तुझा डावा पाय मागं पडत होता." बास. मला रडू आलं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की चाळीस पोरांच्या शेवटच्या रांगेतला एक डावा पाय अंधारातून हेरायचा, तर माणसानं दुसरीकडं कुठं पाहिलेलंच नसतं.

आई काय म्हणाली ते वेगळंच. तिनं विचारलं, "तुझ्या शेजारचा तो पोरगा कुणाचा रे? त्याचं कुणी आलं नव्हतं." ते मला शेजारी उभं राहून कळलं नव्हतं.

गंमत अशी, की त्या दिवशी कलाकार म्हणून टाळ्या मला मिळाल्या. ज्यानं ढोलावर टिपरू धरलं की आसपासच्या गावांची पावलं हलायची तो माणूस चिंचेखाली प्रेक्षक. आणि जात्यावर बसली की ओवीमागून ओवी जोडणारी बाई सतरंजीवर, पदर तोंडाला लावून. मी पाहुण्यांना ओळख करून देताना "वडील शेती करतात" एवढंच सांगितलं होतं.

त्या ओवीची किंमत बाहेरच्यांना आधी कळली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ ही दोन माणसं पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांसमोर बसली आणि ओव्या उतरवून घेऊ लागली. पुढं महाराष्ट्रभरातून १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या, हजारोंचं ध्वनिमुद्रण झालं. आज त्यातल्या कितीतरी 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. गिरणी आली, जातं परसात गेलं, बायकांच्या मनगटांना सुख लागलं. त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही. पण मुलांनो, आज्जीला ओवी येते का, हे तुमच्यातल्या किती जणांनी विचारलंय? हात वर करू नका, आज्जी बघतायत.

मोठ्यांनी स्टेजवर यावं, हे काही नवं नाही. मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी मुलांच्या नाटकांसाठी 'लिटल थिएटर' काढलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. मुलांच्या नाटकात मोठ्यांची कामं मोठ्यांनीच करायची, हा करमरकरांचा आग्रह. म्हणजे मोठी माणसं तोंडाला रंग लावून उभी आणि पोरं खुर्चीत. आपल्याकडं गॅदरिंगला नेमकं उलटं. आईबाप थंडीत कुडकुडत बसतात, आणि वर ड्रेसचं भाडंही तेच भरतात.

मुख्याध्यापक सर, भाड्यावरून आठवलं. पुढच्या वर्षी दोन नंबर बिनभाड्याचे ठेवा. एक आज्ज्यांचा, जातं मी आणतो. आमच्या परसात आहे, त्याच्यावर सध्या तुळशीची कुंडी आहे. दुसरा बापांच्या लेझमीचा. पोरांना खाली बसवा, मागच्या रांगेतले डावे पाय मोजायला सांगा.

दादा हसतायत. तुम्हाला धरूनच बोलतोय.

सर दोनदा घड्याळ बघून झाले, मुक्कामी एसटीही यायची वेळ झाली. मला एवढंच करा, बक्षीसवाटप होईपर्यंत खुर्ची सोडायची परवानगी द्या. पुढचा नाच चौथीचा आहे. त्यात माझी मुलगी आहे, डावीकडून तिसरी. मघाशी पडद्याआडून येऊन मला दम देऊन गेलीय, "बाबा, मागून बघायचं नाही." दादा, जरा सरका. खांबाजवळ आणखी एकाला जागा होईल.