टाइप कोणाचा, जुळारी कोणाचा?



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकात अक्षरे कोठून येतात, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? म्हणून आधी एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्याकडे एका मंडळाने लग्नकार्यांत राबणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार करायचे ठरवले. पत्रिकेचा मजकूर मी माझ्या संगणकावर लिहून दिला. छापणाऱ्याकडे तो उघडला, तेव्हा ‘आचाऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ’ पाय मोडून एकीकडे आणि ‘या’ दुसरीकडे, असे दिसू लागले. तेथल्या मुलाने चूक समजून ती सुधारली आणि ‘आचार्यांचा सत्कार’ असे छापले. मास्तरमंडळी वेळेवर हजर झाली. आचारी आलेच नाहीत.

मी प्रथम टाइपाला दोष दिला. टाइप तेथे होता, आणि चांगला होता. दोष जुळाऱ्याचा होता.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे, त्यांना केसमधून खिळे उचलणारा जुळारी आठवत असेल. संगणकात त्याचे काम तिघांत वाटलेले असते. लिनक्सवर फाँटकॉन्फिग टाइप शोधतो, हार्फबझ अक्षरे जुळवतो आणि फ्रीटाइप ती रेखाटतो. हे तिघे म्हणजे तयार आज्ञांचे संच. त्यांना लायब्ररी म्हणतात. आपण ‘कि’ लिहितो, तेव्हा साठ्यात आधी ‘क’ आणि मागून वेलांटी असते. ती उचलून पुढे बसवणे हे जुळाऱ्याचे काम. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागांचा विभाग आहे. त्यात जोडाक्षरे एकेक करून मांडलेली नाहीत, ती जुळवूनच घ्यावी लागतात. छापणाऱ्याच्या प्रोग्रामने आपला जुनाट जुळारी बरोबर आणला होता, आणि त्याला आपला ‘ऱ्य’ ठाऊक नव्हता.

आता हाच प्रोग्राम निरनिराळ्या घरी चालवायचा, तर घरोघरची रीत वेगळी. विंडोजचा डायरेक्टराइट, मॅकचा कोअर टेक्स्ट. टाइपांची नावेही वेगळी: विंडोजबरोबर पूर्वी मंगल येई, पुढे निर्मला आला; मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर बहुधा लोहित नाहीतर नोटो. त्यात फाँटकॉन्फिगचा स्वभाव भिडस्त आहे. मागितलेला टाइप नसला, तरी तो ‘नाही’ म्हणत नाही, जवळात जवळचा काढून देतो. मागणाऱ्याने मिळालेल्याचे नाव तपासले नाही, तर बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नुसते नाव सांगू नये, मराठीसाठी हवा आहे हेही सांगावे, आणि हाती काय आले ते पाहावे.

मग कोणी म्हणेल, सगळेच बरोबर न्यावे! टाइपापुरते हे मला मान्य आहे; परवाना असेल तर टाइप खुशाल बरोबर न्यावा. लायब्ररीचे तसे नाही. २०२० च्या ऑक्टोबरात फ्रीटाइपमध्ये एक दोष उघडकीस आला. टाइपातल्या चित्रांतून संगणकात शिरकाव करता येत होता, आणि तसे प्रत्यक्ष घडतही होते. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. ज्यांचा प्रोग्राम घरचा फ्रीटाइप वापरत होता, त्यांचे काम घराने तो बदलताच भागले. ज्यांनी आपापली प्रत पोटात बांधली होती, त्या प्रत्येकाला आपला प्रोग्राम नव्याने काढणे भाग होते.

उलट, घरचा जुळारी घ्यावा तर तो कोणत्या पिढीचा निघेल याचा भरवसा नाही. शिवाय या मंडळींचे आपसांतले नाते मोठे गमतीचे. हार्फबझला फ्रीटाइपची मदत घेता येते आणि फ्रीटाइपला हार्फबझची. दोन्ही एकमेकांसह उभारायचे, तर फ्रीटाइप एकदा हार्फबझवाचून बांधतात, त्यावर हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा! विहिणींच्या मानपानासारखाच हा प्रकार, कोणीतरी आधी दमाने घेतल्याखेरीज पंगत बसत नाही.

माझी रीत सांगतो. टाइप मी बरोबर देतो. लिनक्सवर लायब्ररी घरची घेतो, पण किमान आवृत्ती लिहून ठेवतो; त्याहून जुनी आढळली, तर प्रोग्रामने मुकाट्याने चालू न होता तसे स्पष्ट सांगावे, अशी सोय करतो. विंडोजवर आणि मॅकवर टाइपाचा शोध त्या त्या घराकडेच सोपवतो. आणि कोणतीही नवी आवृत्ती बाहेर देण्यापूर्वी तिन्ही घरच्या पडद्यांवर एक शब्द उमटवून डोळ्यांनी पाहतो. तो शब्द ‘आचाऱ्यांचा’ हाच आहे.