मोटारीच्या चाकातली हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चाकातल्या हवेवर बोलणार असे मी सांगितले तेव्हा पुष्कळजणी हसल्या. “तो पुरुषांचा प्रांत,” असेही एकीने ऐकवले. दोन वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. आपल्या चिखलीच्या सभोवार, चाकण, भोसरी, पिंपरीला मोटारी तयार होतात. चाकणला टायरचाही कारखाना आहे. निम्म्या घरांची चूल या धंद्यावर पेटते. आणि तरी आपल्याच दारातल्या गाडीच्या चाकात किती हवा आहे हे आपणांस ठाऊक नसते.

मला हे शिकण्याची वेळ कशी आली ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नारायणगावाकडच्या माझ्या माहेराहून आम्ही परत निघालो. गाडीत आम्ही पाच माणसे, डिकीत कांद्याचे पोते, आंब्यांच्या दोन पेट्या आणि आईने दिलेले गहू. भर दुपारचे ऊन. मंचर मागे टाकले आणि मागचा टायर मोठा आवाज होऊन फुटला. गाडी एका अंगाला ओढली जाऊ लागली. यांनी घाबरून जोरात ब्रेक लावला नाही, हे आमचे नशीब. धाकटा माझ्या मांडीवर होता. त्याला मी किती घट्ट धरले होते ते त्याच्या दंडावरच्या माझ्या बोटांच्या वळांवरून नंतर समजले.

स्टेपनी काढली, तर तीही अर्धी बसलेली! (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. जादा चाक विकणारे कारखानदार तिथलेच.) कसेबसे पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो. त्याने फुटका टायर उतरवून आडवा केला, तेव्हा आतून ओंजळभर काळा भुगा पडला. तो म्हणाला, “वहिनी, हा खिळ्याने नाही फुटला. कमी हवेवर चालून चालून आतून दळला गेलाय.” पिठाच्या गिरणीत जन्म गेलेल्या बाईला ‘दळला’ हा शब्द बरोबर समजला.

आता असे का होते ते पाहू. मोटारीचा भार रबर पेलते असे आपणांस वाटते. खरे पाहता तो भार पेलते आतली कोंडलेली हवा. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांच्या दाबाला होते. लहान मोटारीच्या चाकात याच्या दुपटीने, म्हणजे ३० ते ३३ च्या आसपास, हवा असते. हजार किलोंची गाडी चार चाकांवर उभी असते तेव्हा प्रत्येक चाकाचा तळहाताएवढाच भाग जमिनीला टेकलेला असतो. हवा कमी झाली की चाक तिथे अधिक चेपते. दर फेऱ्याला चेपायचे आणि पुन्हा वर यायचे, हे मिनिटाला शेकडो वेळा. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते. तसाच टायर तापतो, कडांनी कमजोर होतो, आणि एका उन्हाळी दुपारी जड सामान भरले की जीव टाकतो. समृद्धी महामार्गावर २०२३ साली झिजलेले टायर असलेल्या गाड्या तपासून माघारी धाडण्यात आल्या, त्या याच भीतीने.

घरी आल्यावर आमच्याकडे उलटी चूक झाली. एकदा पोळले, म्हणून हे हवा भरणाऱ्या मुलाला सांगू लागले, “चांगली पंचेचाळीस भर.” टायरच्या अंगावर मोठा आकडा छापलेला असतो, तो त्यांनी पाहिला होता. पण तो आकडा त्या टायरला जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो. आपल्या गाडीला किती हवी हे गाडीच्या कंपनीने ठरवलेले असते, आणि ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा वेगळा, जास्त असतो. आमच्या गाडीवर तो कागद पहिल्या दिवसापासून होता. वाचला मात्र कोणीच नव्हता.

जास्त हवेने काय झाले? सासूबाईंना कंबरेचा त्रास. पूर्वी रस्त्यावरचा जो खड्डा चाक गिळत असे, तो सरळ त्यांच्या मणक्यात जाऊ लागला. मुळात हवेचे चाक निघाले ते या दणक्यांपायीच. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते केले. त्याच्या आधी थॉमसन नावाच्या गृहस्थाने तशी युक्ती काढली होती, पण ती मागे पडली. एका बापाने पोराला दणके बसू नयेत म्हणून केलेली वस्तू, आणि आम्ही तीत दगडासारखी हवा ठासून म्हातारीला दणके देत होतो! शिवाय वर्षभराने पाहतो तो टायर मधोमध गुळगुळीत, कडांना नक्षी शाबूत. कमी हवेचे टायर दोन्ही कडांनी झिजतात, जास्त हवेचे मध्यभागी. चपलेच्या झिजेवरून माणसाची चाल ओळखावी तसे हे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. चार टायरांचे १८,००० रुपये गेले. ते मुलीच्या क्लाससाठी बाजूला ठेवलेले होते. या पैशाबद्दल घरात जे बोलणे झाले ते येथे सांगत नाही.

पेट्रोलचे म्हणाल, तर भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याला विचारा. चाक बसले असेल तर त्याचा दम निघतो. मोटारीचा दम म्हणजे पेट्रोल. पण वाढवून सांगत नाही. चारही चाकांत १० पौंड हवा कमी असली तर पेट्रोल शेकड्याला सुमारे दोन अधिक जळते. महिन्याला ६,००० चे पेट्रोल लागत असेल तर १२० रुपये. वर्षाची बेरीज दीड हजाराजवळ जाते. हवा भरल्याने मायलेज दुप्पट होते असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या.

आता मोजायचे कसे? नुसते बघून कळत नाही. हल्लीचे टायर चांगली हवा असतानाही खाली किंचित फुगलेले दिसतात, आणि ट्यूब नसलेल्या टायरात खिळा रुतला तरी तो लगेच बसत नाही, हळूहळू गळतो. माप घ्यावे लागते. ते सकाळी, गाडी चालवण्याच्या आधी घ्यावे. चालून तापलेले चाक तीन-चार पौंड जास्त दाखवते. त्या वेळी जास्त दिसली म्हणून हवा सोडू नये. थंडीत दहा अंश उतरले की दोनएक पौंड आपोआप कमी होतात, म्हणून दिवाळीनंतर एकदा जरूर पाहावे. वाल्ववर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का ते बघावे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी तरी देत नाही. साध्या हवेतही शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो.

आपल्यातल्या पुष्कळजणी स्कूटर चालवतात. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे निराळे असतात, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त हवा लागते. भरणाऱ्याने दोन्हींत सारखी घातली तर त्याला थांबवा.

माझा मापक मी पिशवीतून आणला आहे. बाहेर सावलीत तीन तासांपासून सात स्कूटरी उभ्या आहेत, चाके थंड झालेली आहेत. चहा झाला की ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे, आणि गाडीची पुस्तिका डिकीत असली तर ती घेऊन यावी.