ट्रॅक्टरची नोट आणि दोन लाखांचा निरोप

कापसाची वेचणी चालू आहे, बऱ्याच जणी शेतातूनच ऐकत असाल. म्हणून सरळ विषयावर येतो.

हल्ली गटाच्या बैठकीत हिशोब संपला, वही मिटली की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, मनाकडे ट्रॅक्टरनी नोट शे, ती खरंच दोन लाखले जाई का?" दुसरीकडे वैष्णोदेवीचं नाणं असतं. तिसरीच्या सासूच्या डब्यात राणीछाप रुपया असतो. सगळ्यांनी मोबाईलवर तोच व्हिडिओ पाहिलेला असतो. एक माणूस नाणं हातात धरून सांगतो, हे तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती, खालच्या नंबरवर फोटो पाठवा.

आमच्याच एका गटातल्या ताईंनी असा फोटो पाठवला. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगायला परवानगी दिली आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं, "मॅडम, तुमचं नाणं पास झालं, दोन लाख चाळीस हजार मंजूर." सोबत रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं ओळखपत्र आणि नोटांच्या बंडलांचा फोटो, त्यावर चिठ्ठीत ताईंचं नाव लिहिलेलं. मग नोंदणीचे 750 रुपये मागितले. ते भरले. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे 2,400. तेही भरले. तिसऱ्या दिवशी "पैशांची गाडी धुळ्यापर्यंत आली आहे, विमा भरला नाही तर परत जाईल" असा फोन, मागणी 6,500 ची. हे पैसे ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज म्हणून काढले आणि कारण सांगितलं मुलीची फी. चौथ्या दिवशी आयकराचे 11,000 मागितले आणि "भरले नाहीत तर तुमच्यावर केस होईल" अशी धमकी दिली. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. घरात कुणाला सांगायचं हाच प्रश्न होता.

गावात लोक म्हणतात, बाई लोभाला बळी पडली. आम्हाला हे पटत नाही. ज्या महिन्यात खत, फी आणि दवाखाना एकदम येतो, त्या महिन्यात घरातल्याच डब्यातली वस्तू दोन लाखांची आहे असं कुणी सांगितलं, तर माणूस ऐकणारच. ठगालाही ते माहीत असतं. आणि पुरुष फार शहाणे ठरतात असंही नाही. बैठकीच्या खोलीत टांगायला शोभेची ठासणीची बंदूक नाहीतर जुनी तलवार "स्वस्तात" अशी जाहिरात येते. विकणारा म्हणतो, मी फौजी आहे, बदली झाली, सामान काढतोय. गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं दाखवतो आणि आधी कुरिअरचे पैसे मागतो. वस्तू कधीच येत नाही. शिवाय चालणारी बंदूक 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येत नाही. "याला लायसन लागत नाही" हे विकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य पुरेसं नाही, पोलीस ठाण्यात विचारा.

आता नाण्यांकडे परत. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर सांगितलं आहे की ती जुन्या नोटा आणि नाण्यांच्या अशा खरेदीविक्रीत पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते गोळा करायचा अधिकार कुठल्याही संस्थेला किंवा माणसाला दिलेला नाही. म्हणजे रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन नाण्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक माणूस खोटा. यात "कदाचित" नाही.

खरा संग्राहक कसा वागतो, ते बघितलं की ठग आपोआप ओळखू येतो. खरा माणूस आधी नाणं हातात घेतो, किंवा दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो मागतो. वजन विचारतो, साल विचारतो, सालाखालची खूण बघतो. आपल्या रुपयाच्या नाण्यावर सालाखाली बारीक चौकट असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. खरा माणूस भावासाठी घासाघीस करतो, झीज दाखवतो, कमी किंमत सांगतो. ठग मात्र नाणं न बघताच लाखात बोलतो, कधी घासाघीस करत नाही आणि त्याची घाई फक्त तुमच्याकडून पैसे निघण्याची असते. विकणाऱ्याने पैसे भरायचे, हा कुठल्या बाजाराचा नियम आहे? दोंडाईच्याच्या बाजारात मिरची घेऊन गेलात आणि व्यापारी म्हणाला की आधी तुम्ही मला हजार द्या मग मी मिरची घेतो, तर तुम्ही पोतं उचलून चालू लागाल.

ट्रॅक्टरची नोट लाखो हातांतून गेलेली आहे. वैष्णोदेवीचं नाणं 2012 चं, पाचाचं आणि दहाचं, तेही भरपूर निघालं. ते आजही चलनात आहे, दुकानात पाचाचं पाचालाच चालतं. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, म्हणून ती दुर्मिळ झाली असं नाही, घरोघरी पडून आहेत. आणि जुन्या पाचशे-हजारच्या नोटा कुणी "विकत घेतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागूच नका. 2017 च्या कायद्याने त्या दहापेक्षा जास्त जवळ ठेवायलाही बंदी आहे.

एक खोटं नाणं आपल्याकडे फार फिरतं. त्यावर राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818, कधी 1717, कधी तर 1616. विकणारा सांगतो की हे तांदूळ ओढतं आणि परदेशात कोटीला जातं. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही. ही देवदर्शनाच्या ठिकाणी विकायला केलेली टोकनं. देवाचं चित्र आहे, देव्हाऱ्यात ठेवा, पण त्यासाठी कुणाला रुपया देऊ नका. तांदूळ ओढणाऱ्या भांड्याच्या नावाने तर लोकांनी शेतं विकली आहेत.

मग डब्यातल्या कशालाच किंमत नाही का? आहे. राणीछाप आणि पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी असते. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे. म्हणून आधी साल वाचा. सासूबाईंच्या माळेतले रुपये दोन सोनारांकडून वजन करून घ्या, समोरासमोर, घरातलं माणूस सोबत घेऊन. आणि एक सांगतो, नाणी चिंचेने घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी भाव देतो.

फार जुनं काही असेल, शिवराई किंवा त्याहून आधीचं, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे आणि धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे विचारता येतं. नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीतून हंडा निघाला, तर तो गुपचूप विकायचा नसतो. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करायला 1972 च्या कायद्याने परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. "दुबईचा शेठ घेणार आहे" म्हणणाऱ्याला एवढंच ऐकवा.

मोबाईलचं एक पक्कं ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, चौकोनी ठिपक्यांचं चित्रही स्कॅन करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

पैसे गेलेच, तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा. सकाळची वाट बघू नका, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो आणि तो पुढे जायच्या आत थांबवता आला तरच मिळण्याची आशा. बँकेचं नाव, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, लाज वाटते म्हणून बायका आधी तेच पुसतात. मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात जा. एकटीने जायला भीती वाटत असेल तर गटाची अध्यक्ष आणि सचिव सोबत न्या, आम्हालाही हाक मारा.

आमच्या त्या ताईंनी पाचव्या दिवशी गटात सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एक मावशी रागावल्या, फी म्हणून खोटं का सांगितलं म्हणून. राग खरा होता, पैसा सगळ्यांच्या बचतीचा होता. 1930 वर तक्रार झाली, पण तोवर खात्यातून पैसे पुढे गेले होते. गटाने व्याज माफ केलं नाही, हप्ता मात्र लहान करून दिला. दर महिन्याला त्या तो भरतात. आणि आता त्या गटात नवीन नियम आहे: मोबाईलवरून कुणी पैसे मागितले, तर पिन टाकायच्या आधी गटातल्या दोघींना फोन. मागच्या महिन्यात असे तीन फोन आले, तिन्ही वेळा उत्तर एकच होतं.