कोंबड्या राखायला कुत्रा कसा निवडायचा, कसा शिकवायचा?

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरामागे पाच-पंचवीस गावरान कोंबड्या आहेत किंवा ज्यांनी नुकतंच हौसेनं खुराडं बांधलंय. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. परसात बावीस कोंबड्या, दोन कोंबडे आणि बंड्या नावाचा एक गावठी कुत्रा. बंड्याला बघून जो येतो तो एकच विचारतो, "ताई, कोंबड्या राखायला कुठला कुत्रा आणू?"

बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र तयार असतं. मोठा, तापट, मुंगूस दिसलं की झडप घालणारा कुत्रा. आणि गडबड इथेच होते. जो कुत्रा पळणाऱ्या मुंगसावर झडप घालतो, तो पळणाऱ्या कोंबडीवर का घालणार नाही? त्याच्या दृष्टीनं दोन्ही पळतातच की! म्हणून मी म्हणते, शूर कुत्रा शोधू नका. कोंबड्या बघून ज्याला कंटाळा येतो, असा कुत्रा शोधा.

हे हसण्यावारी नेऊ नका. कोंबडी मारणारा कुत्रा गावात फार दिवस टिकत नाही. आधी स्वतःची कोंबडी जाते, मग शेजारच्या काकूंची. काकूंची अंडी बाजारात जातात, त्या पैशांवर घरातलं मीठ-मिरची येते. मग भांडण होतं, आणि शेवटी कुत्रा कायमचा साखळीला बांधला जातो, नाहीतर कोणीतरी त्याला गाडीत घालून लांब सोडून येतं. म्हणजे चुकीच्या निवडीची शिक्षा कोंबडीला आणि कुत्र्याला, दोघांनाही.

आता जातींबद्दल बोलू. कारवान आणि मुधोळ हे आपल्या दख्खनचे देखणे कुत्रे. पण ते नजरेनं शिकार हेरून वाऱ्यासारखे धावणारे शिकारी. ससा पकडायला ज्याच्या पिढ्या घडल्या, त्याला मोकळ्या कोंबड्यांत सोडणं म्हणजे त्याचीच परीक्षा बघणं. लॅब्रॅडोर स्वभावानं गोड, पण मुळात शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी तयार झालेली जात आहे ती. शिकवून राहतो तो नीट, पण ओढ आतून असतेच. हस्कीचं तर नावच काढू नका, आपल्या उन्हात त्याचेच हाल.

जगात राखणदार कुत्र्यांच्या खास जाती आहेत. इटलीचा मारेम्मा, तुर्कस्तानचा अनातोलियन, फ्रान्स-स्पेनच्या डोंगरातला ग्रेट पिरेनीस. हे कळपासोबत वाढतात आणि कळपालाच आपलं घर मानतात. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे चालत तिथे जायचे आणि छोटे पेंग्विन मारायचे. शेकड्यांनी असलेले पेंग्विन 2005 पर्यंत दहाच्याही खाली आले. तेव्हा एका कोंबडीपालक शेतकऱ्यानं सुचवलं, माझ्या कोंबड्या मारेम्मा राखतो, पेंग्विन का नाही राखणार? 2006 पासून तिथे मारेम्मा ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. पुढे 2017 मध्ये समुद्र खवळल्यामुळे कुत्रे बेटावर नेता आले नाहीत, तेव्हा कोल्ह्यांनी पुन्हा घुसून फडशा पाडला. म्हणजे कुत्र्यांनी तिथे कोल्हे मारून संपवले नव्हते. त्यांचं असणं, त्यांचा वास, त्यांचं भुंकणं, हीच राखण होती.

मग आपण मारेम्मा मागवायचा का? काही गरज नाही. केसाळ थंडीतला कुत्रा कोकणच्या दमट हवेत कशाला? आपल्याकडे गावठी कुत्रा आहे. मात्र पिल्लू बघण्याआधी घर बघा. ज्या अंगणात कोंबड्या पिल्लाच्या आईच्या अंगावरून उड्या मारत जातात आणि ती डोळाही उघडत नाही, त्या अंगणातलं पिल्लू आणा. त्यानं जन्मल्यापासून कोंबड्या पाहिलेल्या असतात. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी आईपासून तोडू नका, कारण दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आई-भावंडांकडूनच शिकतं. सगळ्यात धीट, सगळ्यांवर चढणारं नको. कोपऱ्यात थरथरणारंही नको. मधलं घ्या. जवळ येतं, हुंगतं आणि मग आपल्या नादात बसतं, ते. दोन-तीन वर्षांचा शांत मोठा कुत्रा दत्तक मिळत असेल तर अजून उत्तम. त्याचा स्वभाव समोर दिसतो, अंदाज बांधावा लागत नाही.

आणल्यावर आधी डॉक्टर. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी सुरू होतात, जंताचं औषध द्यायचं, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. परसातल्या कुत्र्याची कोल्ह्या-मुंगसाशी गाठ पडू शकते, त्यामुळे रेबीजची लस चुकवायची नाही म्हणजे नाही.

आता शिकवणं. पहिले दोन-तीन आठवडे कोंबड्या जाळीच्या आत आणि पिल्लू बाहेर, दोरीला. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. पिल्लानं कोंबड्यांवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच "शाब्बास" आणि भाकरीचा तुकडा. बक्षीस म्हणून अंडं देऊ नका हं, नाहीतर धडा भलताच शिकेल! एकटक बघणं, अंग ताठ होणं, पुढचा पाय उचलून थांबणं, ही शिकारीची सुरुवात. तिथेच शांतपणे "सोड" म्हणा आणि मागे फिरा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. कोंबडी जवळ आली की मार बसतो असं कुत्र्याला वाटलं, तर तो कोंबडीवरच राग धरेल.

मग एखादी जुनी, न घाबरणारी कोंबडी बाहेर सोडा. दोरी हातातच. तो आडवा होऊन पडला की बक्षीस. मग दोन कोंबड्या, मग सगळा कळप. यानंतर आपण परसात काम करत असताना दोरी त्याच्यामागे जमिनीवर लोळू द्या, म्हणजे वेळ पडली तर पाय ठेवून थांबवता येतो. लहान पिल्लं मात्र वेगळीच ठेवा. चिवचिव करत पळणारी पिल्लं बघून चांगल्या चांगल्या कुत्र्यांचं डोकं फिरतं. अंडी रोज वेळेवर उचला. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे कधीच टाकू नका. शिजवलेली हाडंही नकोत, ती फुटून आतड्यात रुततात.

"किती दिवस लागतात?" दिवस नाही हो, दीड ते दोन वर्षं! सात-आठ महिन्यांचा झाला की वयात येतो, शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागतो, कोंबडीशी खेळायला जातो. त्याच्या खेळात कोंबडी मरते. तेव्हा पुन्हा दोरी, पुन्हा पहिल्यापासून. तोवर त्याला कोंबड्यांसोबत एकटा सोडायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्रीची राखण कुत्र्याची नाही, खुराड्याची. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनानं सुमारे 39 टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षाही जास्त! म्हणजे बिबट्याच्या भागात अंगणात साखळीनं बांधलेला कुत्रा राखणदार नाही, जेवण आहे. त्याला पळताही येत नाही. हिमाचलचे गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे घालतात, ते उगाच नाही. अंधार पडायच्या आत कोंबड्या खुराड्यात आणि कुत्रा पडवीत किंवा बंद खोलीत. तो आतून भुंकला तरी तुम्ही जागे होता, तेवढं काम पुष्कळ आहे. खुराड्याला बारीक आणि जाड तारेची जाळी लावा, ती जमिनीत वीतभर गाडा, आणि दाराला कडी. घारीसाठी परसात झाडाची किंवा जाळीची सावली हवी, कुत्रा आकाशात उडत नाही.

आणि मुंगूस, रानमांजर यांच्यासाठी विष किंवा फासे लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संरक्षित आहेत. शिवाय ते विष पहिल्यांदा तुमचाच कुत्रा खाईल.

आमचा बंड्या आजवर एकाही मुंगसाच्या मागे कुंपणापलीकडे गेलेला नाही. तो उठतो, दोनदा भुंकतो, कळप आणि कुंपण यांच्या मधे जाऊन उभा राहतो. मुंगूस माघारी वळतं. मग बंड्या परत फणसाखाली झोपतो आणि कोंबड्या त्याच्या शेपटीजवळ माती उकरत बसतात. बघायला काही थरारक नाही. पण कुत्रा निवडताना नेमकं हेच शोधा.

तर या रविवारी कुत्रा शोधायला निघण्याआधी खुराड्याची जाळी हलवून बघा. ती पक्की झाली की मग पिल्लाचं बघू. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, कोंबड्यांची आणि कुत्र्याचीही!