हक्कांच्या कचेरीचा खर्च



मानवी हक्क म्हटले की व्याख्यात्याने मॅग्ना कार्टापासून आरंभ करावा, असा रिवाज आहे. तो आम्ही आज मोडणार आहोत. आम्हांला बोलायचे आहे ते टेबल-खुर्ची, कारकून आणि पगारपत्रक ह्यांविषयी. कारण दाद मागायला गेलेला मनुष्य प्रथम अडतो तो ह्यांच्यापाशीच.

1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने केंद्रात राष्ट्रीय आयोग आला आणि राज्यांना आपापले आयोग नेमण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राचा आयोग 2001 मध्ये मुंबईत काम करू लागला. ह्या कायद्याचे 33 वे कलम मोठे मौजेचे आहे. विधिमंडळाची मंजुरी झाल्यावर राज्य सरकारने आपल्याला योग्य वाटेल तेवढी रक्कम आयोगाला अनुदान म्हणून द्यावी, असे पहिले पोटकलम सांगते. आयोगाने आपल्या कामासाठी योग्य वाटेल तेवढा खर्च करावा, असे दुसरे सांगते. मात्र आयोगाचे योग्य वाटणे सरकारच्या योग्य वाटण्यात मावले पाहिजे! सुनेला स्वयंपाकाचे पूर्ण स्वातंत्र्य, फक्त कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला.

माणसांचेही तेच. 27 व्या कलमाप्रमाणे आयोगाचा सचिव सरकार देते आणि चौकशीसाठी लागणारे पोलीसही सरकारच देते. पुष्कळशा तक्रारी कोणाविरुद्ध असतात, हे आपणांस सांगायला नको.

कोणी म्हणेल, सरकारचा पैसा तो लोकांचाच पैसा. सरकारने हात आखडता घेतला तर बिघडले कोठे? हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. हिशेब मागितलाच पाहिजे, आणि 35 व्या कलमान्वये नियंत्रक व महालेखापरीक्षक तो तपासतातही. परंतु झालेल्या खर्चाचा हिशेब घेणे निराळे आणि ज्याची चौकशी व्हायची त्यानेच आधी खर्चाचे माप ठरवणे निराळे. हा भेद आपल्या घटनाकारांना चांगला ठाऊक होता. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि लोकसेवा आयोगाचा खर्च त्यांनी 202 व 322 ह्या अनुच्छेदांनी राज्याच्या एकत्रित निधीवर भारित करून टाकला. विधानसभेत त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. नोकरभरती करणाऱ्या आयोगाला जे कवच, ते कोठडीतल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या आयोगाला का नसावे, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप कोणी दिलेले नाही.

पैशाइतकाच रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न आहे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला 24 जुलै 2015 रोजी राज्यांना बजावावे लागले की, आयोगांवरील रिक्त जागा तीन महिन्यांत भरा. आणि ज्या राज्यांत आयोगच नव्हते त्यांना सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. इकडे तक्रारदाराची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. घटनेला एक वर्ष उलटले की 36 व्या कलमाने आयोगाला चौकशीच करता येत नाही.

28 व्या कलमाप्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, आणि त्याबरोबर सरकारने काय केले व कोणती शिफारस का नाकारली, ह्याचे निवेदनही. आपल्या आमदारांनी त्या दिवशी तीन आकडे विचारावेत: आयोगाने किती मागितले, त्याला किती मिळाले, आणि किती पदे रिकामी आहेत. आणि आपण, श्रोतेहो, आपल्या आमदारांना ते विचारायला लावावे.