आरोपी गप्पच बसला तर?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस, अशी संयोजकांची अट आहे. म्हणून एका खुनाच्या खटल्याबद्दल बोलते. मी वकील नाही. आपल्या बॅचची वकील मंडळी समोरच बसली आहेत, त्यांनी खुशाल मध्येच थांबवावं.

13 फेब्रुवारी 2017. क्वालालंपूरच्या विमानतळावर उत्तर कोरियाच्या सत्ताधीशाचा सावत्र भाऊ किम जाँग-नाम उभा होता. दोन तरुणी आल्या, त्याच्या चेहऱ्याला काहीतरी चोळलं आणि निघून गेल्या. थोड्याच वेळात तो मेला. चोळलेलं ते व्हीएक्स नावाचं जहाल रासायनिक विष होतं. एक तरुणी इंडोनेशियाची सिती आयशा, दुसरी व्हिएतनामची दोआन थी हुआंग. दोघींचं म्हणणं एकच: कॅमेऱ्यासाठी लोकांची गंमत करायची आहे, असं सांगून आमच्याकडून हे करून घेतलं. ज्यांनी करून घेतलं म्हणतात, ते चार उत्तर कोरियन त्याच दिवशी देश सोडून गेले.

खटला शाह आलमच्या उच्च न्यायालयात चालला. मलेशियात आता ज्युरी नाही, सगळं एकट्या न्यायाधीशावर. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की त्याला थांबून एक गोष्ट ठरवावी लागते: एवढ्या पुराव्याला आरोपीनं उत्तर द्यायची गरज तरी आहे का? नसेल तर सुटका तिथेच. आरोपीनं तोंडही उघडायचं नाही.

हे ठरवायचं कसं, याची तिथल्या वरिष्ठ न्यायालयांनी घालून दिलेली कसोटी मला फार आवडली. न्यायाधीशानं स्वतःला विचारायचं: मी याला बचाव करायला सांगितलं आणि हा गप्पच बसला, तर आत्ता समोर आहे तेवढ्यावर मी याला दोषी ठरवायला तयार आहे का? उत्तर 'नाही' आलं तर पुढे जायचंच नाही. (आम्हीसुद्धा प्रोग्राम तपासताना वापरणाऱ्यानं काहीच टाइप केलं नाही तर काय होईल, ते आधी बघतो. एवढं एकच वाक्य कॉम्प्युटरवर, संयोजकांनी माफ करावं.)

ही कसोटी नसेल तर काय होतं, ते आपण वर्गात पाहिलंय. खडू कोणी फेकला, असं विचारल्यावर सगळेच गप्प. मग ज्याचा चेहरा आधी पडेल तो बाहेर! सरकार पक्षाचं काम अर्धवट राहिलं असेल, तर ते आरोपीच्या उलटतपासणीतून पुरं करून घेता कामा नये.

16 ऑगस्ट 2018 रोजी न्यायाधीशांनी दोघींनाही बचाव करायला सांगितलं. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण होतं, नंतर दोघी घाईनं स्वच्छतागृहाकडे गेल्या हे होतं. सितीच्या वकिलांचं म्हणणं होतं की त्या चित्रीकरणात ती कृत्य करताना स्पष्ट दिसतच नाही. राजकीय हत्येची शक्यता नाकारता येत नाही, पण तसा ठोस पुरावा नाही, असंही न्यायाधीश म्हणाले. त्या वेळी तिथे खुनाला फाशी ही एकच शिक्षा होती. म्हणजे वरच्या प्रश्नाचा अर्थ असा की, ही मुलगी काहीच बोलली नाही तर मी हिला फाशी देईन का?

आपल्याकडे काय? मलेशियाच्या दंडसंहितेचं मूळ आपल्याच 1860 च्या दंडसंहितेत आहे, खुनाचं कलमसुद्धा 302. पण या वळणावर वाटा वेगळ्या होतात. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 232, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 255, सांगतं की आरोपीनं गुन्हा केल्याचा पुरावाच नसेल तर सत्र न्यायाधीशानं त्याला सोडावं. पुरावाच नसेल तर! कसाबसा का होईना, थोडा पुरावा असला की गाडी पुढे. त्यामुळे आपल्याकडे 'बचाव करा' या शब्दांना फारसं वजन नाही.

मला मलेशियाची रीत जास्त न्याय्य वाटते. आपल्या बॅचच्या एका वकील मैत्रिणीला वाटत नाही. ती म्हणते, "अगं, ज्यानं मनाशी 'हो, दोषी ठरवीन' म्हणून टाकलंय, त्याच माणसासमोर मग बचाव करायचा. ते सोपं आहे का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. सरांना सुचलं तर जेवताना सांगा.

पुढे 11 मार्च 2019 रोजी दोआनची साक्ष सुरू व्हायची होती. त्याच सकाळी सरकार पक्षानं सितीवरचा आरोप मागे घेतला, कारण दिलं नाही. ती त्याच दिवशी मायदेशी गेली. ही निर्दोष सुटका नव्हे. कागदोपत्री आरोप पुन्हा ठेवता येतो. दोआनसाठी केलेली तशीच विनंती मात्र फेटाळली. 1 एप्रिलला तिच्यावर खुनाऐवजी इजा केल्याचा आरोप ठेवला, तिनं तो कबूल केला. 3 वर्षं 4 महिन्यांची शिक्षा झाली, आणि 3 मे रोजी तीही सुटली.

उत्तर द्या असं दोघींना सांगितलं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र दोघींपैकी कुणीच उभी राहिली नाही, आणि ते चौघे तर त्या कोर्टात कधी आलेच नाहीत.