पोथीसाठी भिंग कोणते?



आपल्या याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले कित्येक ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर येते. छायाचित्रात ते पुसट निघाले, तर मागचेपुढचे पाहून ताडणेही कठीण. शिवाय ठिसूळ झालेले पान पुन्हा उघडावयास मिळेलच, याची शाश्वती नाही. म्हणून भिंगाचा प्रश्न आज मांडीत आहोत.

दुकानात ५० मिलिमीटरची दोन भिंगे शेजारी शेजारी असतात. एक एफ १.८ चे, दुसरे एफ १.४ चे. दुसरे दीडपटीहून थोडा अधिक प्रकाश घेते. किंमत मात्र कितीतरी अधिक. रात्रीच्या लग्नमंडपात त्याचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण पोथी काही वऱ्हाडी मंडळींसारखी हलत नाही! कॅमेरा स्टँडवर पक्का बसवावा, छिद्र एफ ८ पर्यंत बारीक करावे, पडदा हवा तितका वेळ उघडा ठेवावा. तेथे दोन्ही भिंगे जवळजवळ सारखीच.

खरा फरक पडतो तो मॅक्रो भिंगाने. ते अगदी जवळून, सपाट पान कडेपर्यंत रेखीव उतरविते. समासातली बारीक टीप वाचावयाची असेल, तर पैसा तेथे घालावा. सबंध पानापुरते १.८ चे पुरे. उरलेल्या पैशांत कॅमेरा खाली तोंड करून धरणारा भक्कम स्टँड आणि दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे घ्यावेत.